लोखंडी टोपीचा मालक कोण?

लोहचुंबक चिकटला नाही म्हणून ती टोपी वाचली. भंगाराच्या धंद्यात पहिला उस्ताद लोहचुंबकच. जुन्या नाशकात आमच्या अब्बांचे दुकान होते, तिथे तो सुतळीला बांधून खिळ्याला टांगलेला असे. माल आला की पोऱ्या त्यावरून चुंबक फिरवी. चिकटला की माल लोखंडाच्या ढिगात, नाही चिकटला की वेगळा काढायचा. मग ते पितळ असो, तांबे असो, जर्मन असो की स्टील. लोखंडाचा ढीग ट्रकमध्ये भरून जालन्याच्या भट्ट्यांकडे रवाना होई. देवळालीकडून आलेल्या एका खेपेत मोडक्या खाटा, पत्र्याच्या पेट्या आणि बादल्यांच्या गर्दीत ही टोपी आली. पसरट काठाची, थाळीसारखी, हिरवा रंग उडालेली. पोऱ्याने चुंबक लावला, ‘ये तो चिपकताच नै’ म्हणाला आणि ती स्टीलच्या बाजूला टाकली. अब्बांनी ती उचलून बोटाने ठोकून पाहिली. स्टीलचा आवाज येईना, लोखंडाचाही येईना. भाव कशाचा लावायचा ते ठरेना, म्हणून त्यांनी ती नळाखाली ठेवून दिली. पुढे तीसेक वर्षे दुकानामागच्या कोंबड्या तिच्यात पाणी प्यायल्या. लहानपणी आम्ही ती डोक्यावर घालून लुटुपुटूची लढाई खेळलो आणि मार खाल्ला तो टोपी घातली म्हणून नव्हे, कोंबड्यांचे पाणी सांडले म्हणून.

चुंबक का चिकटला नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले. आमचा एक भाचा इंजिनिअरिंग शिकला आणि त्याला जुन्या लष्करी शिरस्त्राणांचा नाद लागला. त्याने सांगितले की शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादात सुमारे बारा टक्के मँगनीज घालून एक विलक्षण धातू तयार केला. मार बसला की तो उलट अधिक कठीण होतो आणि लोहचुंबकाला जुमानत नाही. १९१५ साली जॉन ब्रॉडी यांनी लंडनमध्ये ज्या थाळीच्या आकाराच्या टोपीचे पेटंट घेतले, ती लवकरच याच पोलादाची होऊ लागली. त्याच वर्षी फ्रेंचांनी अॅड्रियन टोपी आणली आणि १९१६ मध्ये जर्मनांनी कानांवर उतरणारे स्टालहेल्म. त्याआधी, १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, आमच्याकडची माणसे फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात कापडी पागोट्यांनिशी उभी होती. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी खुदादाद खान यांनी ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या लढाईत कोणाच्याच डोक्यावर पोलाद नव्हते. वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी हजारो कवट्या फोडल्या, तेव्हा कुठे शहाण्या सरकारांना डोके झाकण्याची गरज कळली.

भाच्याने आमची टोपी घासूनपुसून ओळखून दिली. ही ब्रॉडी नव्हे, तिची पुढची पिढी, म्हणजे मार्क दोन. १९३८ पासूनची. ब्रॉडीचा हनुवटीचा पट्टा साधा चामड्याचा असे. मार्क दोनला चौकोनी कड्यांतून जाणारा स्प्रिंगचा पट्टा. आतली मेणकापडाची आणि रबराची गादी एकाच स्क्रूने टाळूला जखडलेली असे. आमच्या टोपीतली गादी केव्हाच कुजून गेली होती. स्क्रूचे भोक तेवढे राहिले होते. काठाच्या आतल्या बाजूला ‘बी.एम.बी.’ ही तीन अक्षरे आणि १९४१ हे साल ठोकलेले होते. ब्रिग्ज मोटर बॉडीज हा मोटारींचे सांगाडे बनवणारा इंग्लंडमधला कारखाना. युद्धात त्याने टोप्या काढल्या. काठाला दोन-चार बारीक भोके असती तर ती नागरी संरक्षणवाल्यांसाठी काढलेली हलक्या पोलादाची टोपी ठरली असती. ती भोके म्हणजे ‘ही गोळ्यांपुढे नेऊ नका’ अशी कारखान्याची खूण. आमची बिनभोकाची, म्हणजे लढाईला पाठवण्याच्या लायकीची.

हे सगळे ऐकताना मजा वाटली, हे कबूल केले पाहिजे. ओळखण्यात एक नशा असते. अमेरिकी एम-वन टोपीच्या काठाची सांध पुढे आहे की मागे, एवढ्यावरून ती युद्धाच्या आधीच्या वर्षांतली की शेवटच्या दिवसांतली ते सांगता येते. जर्मन टोपीच्या आत ठोकलेल्या अक्षर-आकड्यावरून कारखाना आणि डोक्याचे माप दोन्ही कळते. आमच्या भंगारवाल्याच्या डोळ्यांना हे ज्ञान परके नव्हते. अब्बा नुसता आवाज ऐकून पितळ आणि कासे वेगळे करीत. तेव्हा या छंदाची टर उडवण्याचा आमचा अधिकार नाही. उलट एक गोष्ट या लोकांच्या पदरात टाकली पाहिजे. ते नसते तर या टोप्या एक तर भट्टीत वितळल्या असत्या, नाहीतर नळाखाली गंजल्या असत्या. आम्ही काय केले होते? कोंबड्यांना पाणी पाजले होते.

पण जिथे ओळखण्याची नशा असते तिथे फसवण्याचा धंदाही असतो. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणतात ते या बाजारात शब्दशः खरे आहे. नव्या रंगावर जुनी गंजकट चढवतात, टोपी मिठाच्या ओल्या मातीत पुरून म्हातारी करतात, साध्या जर्मन टोपीवर एस.एस.ची खूण चिकटवतात. ही खूण चिकटली की किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणजे जी फौज छळछावण्या चालवत होती, तिचीच टोपी सर्वांत महाग. याहून चीड आणणारी गोष्ट आम्हांला पुढे कळली. गोळीचे भोक असलेली टोपी बिनभोकाच्या टोपीपेक्षा काही गिऱ्हाइकांना जास्त आवडते, आणि म्हणून काही विक्रेते धडधाकट टोपीला मागाहून भोक पाडतात. ज्या कामासाठी ती वस्तू केली त्यात ती हरली, हे सिद्ध करून तिचा भाव चढवायचा! भंगाराच्या धंद्यात चोरीचा माल येतो, वजनात मारतात, सगळे चालते. पण फुटलेल्या बादलीला चांगल्या बादलीपेक्षा जास्त भाव देणारा माणूस आमच्या अब्बांच्या दुकानात कधी आला नाही.

गोष्टींनाही भाव असतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत तुर्की सैन्यासाठी काही टोप्या केल्या गेल्या, त्यांची पुढची झापड कापलेली होती. छंदी मंडळींत याचे कारण ठरून गेले आहे: मुसलमान सैनिकाला सजद्यात कपाळ जमिनीला टेकवता यावे म्हणून. ऐकायला किती गोड! आमच्या एका बुजुर्गांनी हे ऐकून एवढेच विचारले, ‘क्यों भाई, टोपी उतरती नहीं थी क्या?’ समोर नीट दिसावे एवढेही कारण पुरेसे असू शकते. त्या टोप्यांपैकी पुष्कळ तर पुढे जर्मनीतल्याच १९१९ च्या दंगलींत वापरल्या गेल्या. तरी कपाळाची गोष्ट टिकून आहे, कारण तिच्यामुळे टोपी विकली जाते.

आता आमच्या टोपीकडे येतो. भाच्याने आतला चिखल आणि शेवाळ काढून रॉकेलचे फडके फिरवले, तेव्हा पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेली अक्षरे वर आली. आधी एक क्रमांक, त्यातले ७ आणि ४ हे दोनच आकडे शाबूत. त्याखाली इंग्रजीत नाव. त्याचा पहिला भाग खरवडून गेलेला, शेवटची अक्षरे तेवढी स्पष्ट: ‘वंत’. सावंत असेल, बळवंत असेल, भगवंत असेल. कोणीतरी मराठी माणूस.

त्या क्षणी आम्हांला जे झाले त्याची आम्हांला आजही लाज वाटते. तीस वर्षे आम्ही ती टोपी गोऱ्याची समजत होतो. देवळाली म्हणजे गोऱ्यांची छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या उन्हात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या सोल्जरांवरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला, ही गोष्ट नाशिकचा शाळकरी पोरही सांगतो. त्यातल्याच कुणा वेड्या गोऱ्याची टोपी म्हणून तिच्यात कोंबड्यांचे पाणी ठेवताना आमच्या मनाला काही लागले नाही. ‘वंत’ वाचले आणि घरातली बायामाणसेसुद्धा गप्प झाली. आमच्या आपांनी ती टोपी उचलून धुतली आणि ओट्यावर स्वच्छ फडके अंथरून त्यावर ठेवली. गोऱ्याला आई नव्हती काय? त्याच्या डोक्याचे माप कुणी घेतले नव्हते काय? आमची माणुसकी अक्षरे वाचून जागी झाली, तीही आपल्या ओळखीची अक्षरे असली तरच. टोपी ओळखणारे निदान गोऱ्या-काळ्याचा भेद करीत नव्हते. त्यांच्या लेखी सगळीच डोकी सारखी रिकामी होती. आम्ही भेद करीत होतो. या दोघांत वाईट कोण, याचा निकाल आम्हांला लावता आलेला नाही.

बातमी पसरली तसे एक जाणकार व्यापारी पुण्याहून आले. माणूस गोड बोलणारा, अभ्यास दांडगा. त्यांनी टोपी हातात घेताच साल, कारखाना, मार्क सगळे सांगितले आणि पाच हजार देऊ केले. मग ‘वंत’कडे बोट दाखवून हळूच म्हणाले, ‘हे यशवंत असू शकतं.’ आम्ही म्हणालो, असेलही. ते म्हणाले, ‘यशवंत घाडगे.’

नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आम्हांला ठाऊक होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली आणि जवळजवळ सगळे साथीदार पहिल्या तडाख्यात पडले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने तोफेचे तोंड बंद केले, उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले आणि लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पुढच्याच एप्रिलमध्ये इटलीतच सेनियो नदीकाठी त्याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी तो मिळवला, ते आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. सुदैवाने ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत होते.

पुण्याचे गृहस्थ खोटे बोलत नव्हते, हे लक्षात घ्यावे. ‘असू शकते’ एवढेच ते म्हणत होते. साल जुळत होते, टोपीची जात जुळत होती, अर्धे नावही जुळत होते. ‘तुम्ही काही बोलू नका, मी काही बोलणार नाही, गिऱ्हाईक स्वतःच वाचेल,’ असे त्यांचे म्हणणे. रक्कम त्यांनी दहापट सांगितली. तेव्हा घरात लग्नाचे कार्य होते आणि आम्हांला पैशाची गरज होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन रात्री आम्ही हिशेब केला. टोपी इटलीतून देवळालीला का येईल? येऊही शकेल. पण १९४७ नंतरही आपल्या फौजेने हीच टोपी वापरली. १९६२ आणि १९६५ च्या लढायांतले जवानही हीच घालून होते. म्हणजे आमचा ‘वंत’ लढला तो जर्मनांशी, चिन्यांशी की पाकिस्तानशी, हेसुद्धा सांगता येत नाही. कदाचित तो कुठेच लढला नसेल, देवळालीच्या तोफखान्यात सराव करून पेन्शन घेऊन गावी गेला असेल. मग ‘असू शकते’ या दोन शब्दांत एका माणसाचे मरण दुसऱ्याच्या टोपीत भरून विकायचे, आणि ज्याची टोपी खरी आहे त्याला कायमचे पुसून टाकायचे. एकाच व्यवहारात दोघांची चोरी, आणि एकही शब्द खोटा नाही.

आम्ही नाही म्हणालो. ते हसून म्हणाले, ‘ठीक आहे, पण मालक कोण? तुमचे वडील. वजनावर का होईना, त्यांनी पैसे मोजलेत. मग अडचण कसली?’ हा प्रश्न मात्र घरात राहिला.

कायद्याने त्यांचे खरे आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा हिशेब शंभर वर्षांचा. १९१६ ची ब्रॉडी शंभरी ओलांडून गेली, आमची २०४१ साली ओलांडेल. तोवर ती कायद्याच्या नजरेत बादलीच्या बरोबरीची. पण कायद्याचे खरे आणि आपल्याला माहीत असलेले खरे यांच्यामध्ये एक फट असते. लहानपणी अम्मीने सांगितलेली हजरत अलींच्या चिलखताची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. सिफ्फीनच्या लढाईच्या सुमारास ते चिलखत हरवले आणि पुढे कूफ्याच्या बाजारात एका यहुदी माणसाकडे सापडले. काही कथनांत तो ख्रिस्ती आहे. प्रकरण काझी शुरैहपुढे गेले. काझीने खलिफाकडे साक्षीदार मागितले, बापासाठी मुलाची साक्ष मानली नाही आणि ज्याच्या ताब्यात चिलखत, त्याच्या बाजूने निकाल दिला. रवायत कितपत पक्की यावर जाणकार वाद घालोत. आम्हांला लहानपणी त्यात काझीचा न्याय दिसे. आता दुसरा माणूस दिसतो. निकाल त्याच्या बाजूने लागला होता, चिलखत घेऊन तो घरी जाऊ शकत होता. जिंकल्यावर तो म्हणाला की हे यांचेच आहे, यांच्या उंटावरून पडले होते. साक्षीदार नव्हता, तिथे तो स्वतःच साक्षीदार झाला.

आमच्या बाबतीत फिर्यादीच नाही. ‘वंत’ दुकानात येऊन टोपी मागणार नाही. म्हणून आमच्यापैकी काहींना सापडलेल्या वस्तूचा, म्हणजे लुकत्याचा, नियम आठवला. वस्तू सापडली तर तिची पिशवी कशी, ती बांधलेली दोरी कशी हे नीट ध्यानात ठेवायचे, वर्षभर लोकांना विचारत राहायचे, आणि मालक न आला तर वापरायची. मात्र पुढे कधीही तो आला तर देणे लागतेच. भाच्याला याची गंमत वाटली. तो म्हणाला, मामू, पट्टा, कडे, शिक्का, हे सगळे ध्यानात ठेवण्याचेच तर आम्ही करतो! खरे आहे. फरक एवढाच की तिथे खुणा ध्यानात ठेवायच्या त्या वस्तू परत देता यावी म्हणून, आणि बाजारात ध्यानात ठेवायच्या त्या वस्तू विकता यावी म्हणून. ज्ञान तेच. धाकट्या भावाने हरकत घेतली की हा लुकता नव्हे, आपण विकत घेतली आहे. हरकत शास्त्राला धरून आहे. आमच्याजवळ तिला उत्तर नाही, फक्त मन मानत नाही एवढेच.

वस्तूवस्तूत फरक असतो. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथली जुनी नाणी पाहताना आम्हांला कधी संकोच वाटला नाही. नाणे जन्मतःच हातोहात फिरण्यासाठी असते, ते कुणा एकाचे कधीच नसते. अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला पॅटन रणगाड्यांचा फडशा पाडला. पाडाव झालेले पॅटन पुढे देशात ठिकठिकाणी मांडून ठेवले गेले, आणि पोरे त्यांवर चढून फोटो काढतात. रणगाड्याला कुणाच्या डोक्याचे माप नसते. टोपीला असते. घामाने तिची गादी एकाच माणसाच्या डोक्यावर बसते. म्हणूनच २६ जानेवारी १९७२ ला इंडिया गेटखाली अमर जवान उभा केला तेव्हा उलट्या बंदुकीवर टोपीच ठेवली. मे २०२२ मध्ये ती बंदूक आणि टोपी राष्ट्रीय युद्धस्मारकात नेली गेली. त्या टोपीवर मुद्दाम नाव नाही, ती सगळ्यांची आहे. आमच्या टोपीवर नाव आहे आणि ते पुरते वाचता येत नाही. सगळ्यांची म्हणून सोडून देता येत नाही, एकाची म्हणून पोचवता येत नाही.

आम्ही काही केले नाही असे नाही. दोन आकडे आणि अर्धे नाव लिहून लष्कराच्या एका कचेरीला पत्र पाठवले. सभ्य उत्तर आले: पूर्ण क्रमांकाशिवाय शोध अशक्य. माजी सैनिकांच्या एका बैठकीत टोपी नेली. म्हाताऱ्या जवानांनी ती हातोहात फिरवली, एकाने डोक्यावर घालून पाहिली आणि लगेच काढली. सिन्नरकडचे एक आजोबा म्हणाले, आमचा थोरला भाऊ भगवंता बर्मात गेला होता, पण त्याची टोपी त्याच्यासोबतच राहिली असणार, तो परत आला नाही. मग म्हणाले, तरी बघू द्या. बराच वेळ त्या अक्षरांवर अंगठा ठेवून बसले. ‘ही नव्हं,’ म्हणाले आणि परत दिली. का नव्हे, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. ते हो म्हणाले असते तर आम्ही आनंदाने देऊन टाकली असती, हे खरे. आमचे ओझे उतरले असते.

त्या लग्नाचा खर्च कर्ज काढून भागवला, ते फिटले. पुण्याच्या गृहस्थांचा ईदला अजून फोन येतो आणि शेवटी टोपीचा विषय निघतोच. भाच्याने दुकानाच्या पाटीखाली एक कागद लावला आहे, मराठीत आणि उर्दूत: मार्क दोन, १९४१, क्रमांकात ७ व ४, नावाचा शेवट ‘वंत’. पट्ट्याच्या कड्याची एक खूण मात्र त्याने कागदावर मुद्दाम लिहिलेली नाही. कोणी मागायला आलाच तर विचारायला हवी म्हणून. दर पावसाळ्याआधी तो टोपीला बाहेरून तेलाचा हात देतो. आत फडके घालताना अक्षरांपाशी थांबतो आणि तेवढा भाग नुसती फुंकर मारून साफ करतो.